तोलणे आणि मोजणे : 'मोल' या संज्ञेचा अर्थेतिहास

रसायनशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना 'मोल म्हणजे काय?' असे विचारले तर पुष्कळदा दोन निराळी उत्तरे मिळतात. एक म्हणतो, पदार्थाचा रेणुभार जितका असेल तितके ग्रॅम तो पदार्थ घेतला की एक मोल झाला. दुसरा म्हणतो, मोल ही केवळ एक संख्या आहे. डझन म्हणजे जसे बारा, तसे मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग. परीक्षक दोघांनाही गुण देतो, आणि व्यवहारात दोन्ही उत्तरांनी गणित सुटते. परंतु पहिल्या उत्तरात पदार्थ तोललेला आहे आणि दुसऱ्यात तो मोजलेला आहे, हा भेद लहान नव्हे. मराठीने या क्रियांना स्वतंत्र क्रियापदे दिली आहेत. तराजूत घालून आपण तोलतो, पायलीने वा लिटरने मापतो, आणि नगांची गणना करतो तेव्हा मोजतो. 'मोजणे' हे क्रियापद जमिनीपर्यंत पसरलेले असले, तरी त्याचा गाभा गणनेचाच आहे.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते भाषाशास्त्राच्या वाटेने. काही वर्षांपूर्वी रसायनातील संज्ञांची एक मराठी यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. 'मोल' या शब्दासमोर मी 'ग्रॅम-रेणुभार' हा जुना पर्याय कायम ठेवावा असे सुचविले. कारण उघड होते : शब्द पारदर्शक आहे, त्याचे घटक मराठी वाचकाला परिचित आहेत, आणि उच्चारताच त्याचा अर्थ उलगडतो. त्यावर रसायनाच्या एका सहाध्यापकांनी शांतपणे विचारले, "मग मिठाचा रेणू मला दाखवा." मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या निरुत्तर होण्यातून निघाला आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'मोलेस्' म्हणजे अवजड पिंड, ढीग, ओझे, अथवा प्रचंड बांधकाम. समुद्रात दगडांची रास टाकून बांधलेल्या धक्क्यालाही हाच शब्द लागला, आणि तेथून तो इटालियन, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषांत 'बंदराचा धक्का' या अर्थाने उतरला. मुंबईकरांच्या जुन्या पिढीला तो या रूपात ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायतेच्या बोटींना जोडून सुटणाऱ्या डाकगाड्या ज्या 'बॅलार्ड पिअर मोल' स्थानकातून निघत, त्या नावातला 'मोल' हाच. उद्ध्वस्त करणे आणि छळणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे 'डिमॉलिश' व 'मोलेस्ट' हीही याच कुळातली आहेत. सर्वत्र जडपणा आणि भार यांची छाया आहे.

सतराव्या शतकात या शब्दाला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून 'मोलेकुला' हे रूप घडविण्यात आले. फ्रेंच तत्त्वज्ञ पिएर गासँदी याने प्राचीन ग्रीक अणुवादाचे पुनरुज्जीवन करताना अणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांसाठी ते वापरले. 'मोलेकुला' म्हणजे इवलासा ढीग. फ्रेंचमधून हा 'मॉलेक्यूल' युरोपभर गेला. अवजडपणाचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने अदृश्य सूक्ष्मत्वाचा वाचक झाला. पुढे त्याचीच शेपटी छाटून पुन्हा हाताने उचलता येईल अशा राशीचे नाव तयार होणार होते. पण त्याला अजून दोन शतके अवकाश होता.

रसायनाला अशा नावाची गरज का पडली? लोखंडी सामानाच्या दुकानात नट आणि बोल्ट किलोवर विकले जातात. समजा, एक बोल्ट एका नटाच्या तिप्पट जड आहे एवढेच आपणास ठाऊक आहे. प्रत्यक्ष एका नटाचे वजन किती, हे ठाऊक नाही. तरीही तीन किलो बोल्ट आणि एक किलो नट घेतले तर दोहोंची संख्या समान भरेल, याविषयी आपली खात्री असते. ती संख्या किती, हे मात्र सांगता येत नाही. जॉन डाल्टनची अवस्था नेमकी अशी होती. १८०८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हायड्रोजनचा अणू १ धरून इतर मूलद्रव्यांच्या अणूंचे सापेक्ष भार दिले. अणू दिसत नव्हते, एकेकटे तोलता येत नव्हते. परंतु संयोगात भाग घेणाऱ्या पदार्थांच्या वजनांची गुणोत्तरे तराजूवर मिळत होती.

या युक्तीत एक छिद्र होते. एका बोल्टाला एक नट लागतो की दोन, हे आधी ठाऊक असल्याशिवाय वजनांच्या गुणोत्तरावरून नगांचे गुणोत्तर काढता येत नाही. डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे गृहीत धरले. म्हणून त्याच्या कोष्टकात ऑक्सिजनचा भार ७ आला. आज तो १६ च्या जवळपास आहे, याचे कारण अंशतः त्याचे वजन अचूक नव्हते हे आहे, आणि मुख्यतः त्याची मोजणी चुकली हे आहे.

त्याच सुमारास गे-ल्युसाकला आढळले की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी घनफळांत संयोग पावतात : दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. १८११ मध्ये तुरिनच्या आमेदेओ आव्होगाद्रोने एका फ्रेंच नियतकालिकात यावरून पुढचे पाऊल टाकले. समान तापमानाला व दाबाला समान घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे त्याचे गृहीतक. मग एक भाग ऑक्सिजनपासून दोन भाग वाफ कशी होते? ऑक्सिजनचा मूळ कण दुभंगतो म्हणून. मूलद्रव्याचा वायूरूपातील कणदेखील संयुक्त असू शकतो, ही कल्पना त्या काळी बहुतेकांना पटण्यासारखी नव्हती.

भाषाशास्त्रज्ञाला येथे थांबावेसे वाटते. आव्होगाद्रोने 'मॉलेक्यूल' हा एकच शब्द घेऊन त्याला निरनिराळी विशेषणे लावली. संयुगाच्या कणासाठी त्याने एक विशेषण वापरले, मूलद्रव्याच्या रेणूसाठी दुसरे, आणि आज आपण ज्याला अणू म्हणतो त्यासाठी 'मूलभूत मॉलेक्यूल'. भेद त्याच्या मनात स्पष्ट होता, पण नामे वेगळी नव्हती, केवळ विशेषणे वेगळी होती. आणि विशेषणे वाचकाच्या हातून सहज गळून पडतात. त्याचा लेख जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षित राहिला, याची इतरही सबळ कारणे होती. समान अणू एकमेकांना चिकटू शकतात हे बर्झेलिअसच्या विद्युत्-रासायनिक उपपत्तीत बसत नव्हते, हे त्यांतले मोठे. तरीही नामकरणातील ही दुर्बलता मला नगण्य वाटत नाही.

त्या अर्धशतकात 'अणू', 'रेणू', 'सममूल्य भार' हे शब्द ज्याने त्याने आपापल्या अर्थाने वापरले. परिणाम असा की एकाच पदार्थाची सूत्रे प्रत्येकाची निराळी. केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात असेटिक आम्लाची त्या वेळी प्रचारात असलेली १९ सूत्रे छापून दाखविली. हा गोंधळ निस्तरण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरूए येथे सुमारे १४० रसायनज्ञ जमले. रसायनशास्त्राचे ते पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन. तेथील चर्चेचा प्रमुख विषय नवा प्रयोग वा नवा पदार्थ हा नव्हता. अणू व रेणू हे शब्द कोणत्या अर्थाने वापरावेत हा होता. परिभाषेसाठी एवढ्या मोठ्या संख्येने शास्त्रज्ञ एकत्र आल्याची उदाहरणे इतिहासात फार नसावीत, आणि आपल्याकडील परिभाषा समित्यांची टिंगल करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संमेलनात मतैक्य झाले नाही. पण समारोपाच्या वेळी स्तानिस्लाओ कानिझ्झारोच्या एका पुस्तिकेच्या प्रती वाटण्यात आल्या. १८५८ मध्ये लिहिलेल्या या पुस्तिकेत आपल्या विद्यार्थ्यांना अणुभार कसे शिकवावेत, याचा आराखडा होता, आणि त्याचा पाया आव्होगाद्रोचे गृहीतक हा होता. लोथार मायरने ती परतीच्या वाटेवर वाचली आणि आपल्या शंका कशा विरून गेल्या हे पुढे नमूद केले. आव्होगाद्रो स्वतः १८५६ मध्येच निवर्तला होता. त्याच्या नावाने आज जी प्रचंड संख्या ओळखली जाते ती त्याने कधी सांगितली नाही, तिचा अंदाजही त्याने केला नव्हता.

अणुभार एकदा स्थिर झाल्यावर व्यवहाराची गरज पुढे आली. १८ ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ४६ ग्रॅम अल्कोहोल : या वजनांत रेणूंची संख्या सारखीच, ती कितीही असो. द्रावणांचे गुणधर्म, वायूंचे दाब, अभिक्रियांची उष्णता यांचे नियम अशा वजनांच्या परिमाणात मांडले की अतिशय साधे होत. या राशीला 'ग्रॅम-रेणू' म्हणण्याचा प्रघात पडला. नाव लांब होते. ते आखूड केले विल्हेल्म ओस्टवाल्टने, आणि येथे इतिहासाला एक विलक्षण वळण मिळते.

१८५३ साली रिगा येथे जन्मलेला ओस्टवाल्ट १८८७ पासून लाइप्त्सिग येथे प्राध्यापक होता. भौतिकीय रसायन या शाखेच्या संस्थापकांत त्याची गणना होते. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भौतिक-रासायनिक मापनांच्या एका प्रायोगिक मार्गदर्शिकेत त्याने सुचविले की कोणत्याही पदार्थाच्या रेणुभाराच्या अंकाइतके ग्रॅम वजन म्हणजे एक 'मोल' म्हणावे. व्याख्येत केवळ वजन आहे. रेणूंच्या संख्येचा तीत उल्लेख नाही, आणि तो अनवधानाने राहिला असे मानण्याचे कारण नाही, कारण अणू आणि रेणू यांच्या प्रत्यक्ष अस्तित्वाविषयी ओस्टवाल्ट साशंक होता. ऊर्जा ही एकच मूलभूत वस्तू असून अणू ही सोयीसाठी केलेली कल्पना आहे, असे तो प्रतिपादू लागला. १८९५ मध्ये ल्यूबेक येथील सभेत त्याने या मताचा जाहीर पुरस्कार केला आणि लुडविग बोल्ट्समानने तेथे त्याचा कडवा प्रतिकार केला. १९०४ मध्ये लंडन येथील फॅरडे-व्याख्यानातही रसायनाचे नियम अणूंचा आधार न घेता कसे सिद्ध करता येतात हेच तो सांगत होता.

म्हणजे ज्याला रेणू मान्य नव्हता त्याने 'मोलेक्यूल' या शब्दातूनच आपल्या परिमाणाचे नाव काढले. ही केवळ विसंगती म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट आहे का? माझे मत असे की शब्द छाटल्यामुळेच ते त्याला शक्य झाले. ग्रॅम-रेणू म्हटले की रेणू डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न टाळता येत नाही. 'मोल' म्हटले की तो दिसेनासा होतो. उरतो तो तराजूत ठेवलेला पदार्थ. शिवाय त्या काळच्या शास्त्रीय लेखनात 'मोलर' हे विशेषण 'रेणुगत' याच्या नेमके उलट, म्हणजे 'सबंध पिंडाचे' या अर्थानेही वापरात होते. छाटलेल्या रूपातून मूळ 'मोलेस्' पुन्हा ऐकू येत असल्यास नवल नाही. ओस्टवाल्टने हा ध्वनी हेतुतः साधला असे मी म्हणत नाही. परंतु भाषेच्या घडणीकडे त्याचे लक्ष असे हे निश्चित. कृत्रिम जागतिक भाषांचा तो उत्साही कार्यकर्ता होता. प्रथम एस्परान्तो, मग तिची सुधारलेली आवृत्ती 'इडो' यांचा त्याने पुरस्कार केला, १९०९ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेतून इडो चळवळीला साहाय्य केले, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सुलभीकृत जर्मनची योजनाही मांडली. शब्द आखूड, नियमित आणि कोणत्याही भाषेत चालण्याजोगा हवा, ही त्याची दृष्टी 'मोल'मध्ये दिसते.

तोलण्याकडून मोजण्याकडे जाण्याची वाट मात्र दुसरीकडून तयार होत होती. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ लोश्मिटने हवेतील रेणूचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दशलक्षांशाइतका असावा असे गणित केले, आणि त्यावरून घनसेंटिमीटरमधील रेणूंची संख्या काढण्याचा मार्ग मोकळा झाला. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सततच्या थरथरीचा, म्हणजे ब्राउनीय गतीचा, रेणूंच्या संख्येशी असलेला संबंध दाखविला. मग पॅरिसमध्ये झाँ पेरँ सूक्ष्मदर्शकासमोर बसला.

पेरँचा प्रयोग सांगण्याचा मोह आवरत नाही. चित्रकार जलरंगासाठी वापरीत असलेल्या गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण त्याने पाण्यात मिसळले आणि वारंवार वेगळे काढून सारख्या आकाराचे केले. असा थेंब स्थिर ठेवला की कण सगळे तळाशी बसत नाहीत. डोंगर चढताना हवा जशी विरळ होत जाते तसे तळाकडून वर जाताना कण विरळ होत जातात. कोणत्या उंचीला किती कण आहेत हे त्याने आणि त्याच्या साहाय्यकांनी डोळ्यांनी मोजले, हजारोंच्या संख्येने मोजले. कणाचे वजन ठाऊक, विरळतेचे प्रमाण ठाऊक. त्यावरून ग्रॅम-रेणूतील रेणूंची संख्या निघाली. १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात त्याने ही संख्या ७ गुणिले १० चा २३ वा घात याच्या आसपास दिली, ३२ ग्रॅम ऑक्सिजनमधील रेणूंच्या संख्येशी तिची सांगड घातली, आणि तिला आव्होगाद्रोचे नाव द्यावे असे सुचविले. १९१३ च्या 'लेझ आतोम' या ग्रंथात त्याने एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक पद्धतींनी तीच संख्या मिळते हे एका कोष्टकात मांडले. तोवर ओस्टवाल्टनेही हार मान्य केली होती. आपल्या पाठ्यग्रंथाच्या नव्या आवृत्तीला १९०८ च्या नोव्हेंबरात लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने जे. जे. थॉमसनचे आयनांवरील कार्य आणि पेरँचे ब्राउनीय गतीवरील प्रयोग यांचा निर्देश करून द्रव्य कणमय आहे हे स्वीकारले. प्रतिष्ठेच्या शिखरावरील शास्त्रज्ञाने इतक्या स्वच्छ शब्दांत माघार घ्यावी हे त्याला शोभून दिसते.

या संख्येचा आवाका मराठी वाचकाला आपल्याच मोजपट्टीवर पाहता येईल. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दशगुणोत्तर संज्ञांची जी मालिका आहे ती एकपासून निघून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व अशी चढत परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे एका लहानशा घोटात, सुमारे ६० लक्ष २२ हजार परार्ध रेणू असतात.

आता मिठाकडे वळू. १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ब्रॅग पितापुत्रांनी स्फटिकांची रचना उलगडण्यास प्रारंभ केला, तेव्हा सैंधवाच्या स्फटिकात सोडिअमचा प्रत्येक आयन सहा क्लोरीन आयनांनी आणि क्लोरीनचा प्रत्येक आयन सहा सोडिअम आयनांनी वेढलेला आढळला. एक सोडिअम आणि एक क्लोरीन यांची स्वतंत्र जोडी, जिला मिठाचा रेणू म्हणता येईल, अशी त्यात कोठेच नाही. सगळा खडा हीच एक सलग जाळी. ही गोष्ट जुन्या रसायनज्ञांच्या पचनी पडणे कठीण होते. हेन्री आर्मस्ट्राँग या वयोवृद्ध इंग्रज रसायनज्ञाने १९२७ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात बिचाऱ्या मिठाची कैफियत मांडणारे पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेची यथेच्छ हेटाळणी केली. पण पट खरा होता, आणि त्यामुळे 'मिठाचा ग्रॅम-रेणू' हा शब्दप्रयोग निराधार झाला. पाठ्यपुस्तके मग 'ग्रॅम-अणू', 'ग्रॅम-आयन', 'ग्रॅम-सूत्रभार' अशी नावे वाढवीत गेली. ज्याच्या पोटात रेणू दिसतो तो पारदर्शक शब्द नव्या वस्तुस्थितीला पुरेना. 'मोल' पुरला. तो अपारदर्शक होता, म्हणून अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन अशा कोणत्याही कणांना तो लावता आला. ५८.४४ ग्रॅम मीठ म्हणजे मिठाचा एक मोल, असे म्हणताना रेणू दाखविण्याची सक्ती कोणी करीत नाही.

माझ्या सहाध्यापकांच्या प्रश्नाचा रोख आता ध्यानात येईल. मी ज्या पारदर्शकतेला गुण मानून 'ग्रॅम-रेणुभार' सुचविला, ती एका विशिष्ट काळाच्या ज्ञानाची पारदर्शकता होती. त्या शब्दात 'भार' आहे, म्हणजे ओस्टवाल्टची १८९३ ची व्याख्या आहे, आणि 'रेणू' आहे, म्हणजे ब्रॅगपूर्वीची समजूत आहे. व्युत्पत्ती जितकी स्पष्ट, तितका शब्द आपल्या जन्मकाळाशी जखडलेला.

व्याख्येचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९२९ मध्ये ऑक्सिजनचे आणखी समस्थानिक सापडले आणि अणुभारांच्या दोन पट्ट्या झाल्या. भौतिकीज्ञ ऑक्सिजन-१६ ला नेमके १६ मानीत, रसायनज्ञ निसर्गातील मिश्र ऑक्सिजनला. फरक दहा हजारांत तिनाहूनही कमी, पण कटकटीचा. १९६० व १९६१ मध्ये दोन्ही शास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ ला १२ मानून तो मिटविला. १९६१ मध्येच ई. ए. गुगेनहाइमने अमेरिकेतील रसायन-शिक्षणाच्या नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख लिहिला. मोल हे परिमाण असेल तर ते कोणत्या राशीचे, हा त्याचा प्रश्न. मीटर लांबीचा, सेकंद काळाचा, तसा मोल कशाचा? वस्तुमानाचा म्हणावा तर किलोग्रॅम आहेच. जर्मनमध्ये या राशीला 'श्टोफमेंगे', म्हणजे 'द्रव्याचे परिमाण', हे नाव रूढ होऊ लागले होते; त्याचे इंग्रजी रूप गुगेनहाइमने पुढे केले. १९७१ मध्ये वजनमापांच्या चौदाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोलला सातवे मूलभूत एकक म्हणून मान्यता दिली : ०.०१२ किलोग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके मूलभूत घटक असलेल्या द्रव्याचे परिमाण. घटक कोणते ते प्रत्येक वेळी सांगितलेच पाहिजे, अशी पुस्तीही जोडली. या व्याख्येत मोजणे आले, परंतु ते किलोग्रॅमच्या, म्हणजे तोलण्याच्या आधाराने. डाल्टनचे नट-बोल्ट अजून सुटले नव्हते.

ते सुटले २०१९ मध्ये. त्यापूर्वी शास्त्रज्ञांनी सिलिकॉन-२८ या एकाच समस्थानिकाचा जवळजवळ शुद्ध स्फटिक वाढवून त्यातून सुमारे ९.४ सेंटिमीटर व्यासाचे, एक किलोग्रॅम वस्तुमानाचे, अत्यंत काटेकोर गोल घडविले होते. गोलाचे घनफळ प्रकाशाने मापावयाचे, स्फटिकातील अणूंमधील अंतर क्ष-किरणांनी मापावयाचे, आणि भागाकाराने अणू मोजावयाचे. अशा मोजणीची अचूकता कोट्यंशांत पोहोचल्यावर, १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे सव्विसाव्या परिषदेने ठराव केला आणि २० मे २०१९ पासून तो अमलात आला. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके घटक. ६०२२१४०७६ वर १५ शून्ये, कमी नाही की जास्त नाही. किलोग्रॅमचा उल्लेख व्याख्येतून गेला. याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही : एक मोल कार्बन-१२ चे वस्तुमान नेमके १२ ग्रॅम असते हे आता व्याख्येने सत्य राहिलेले नाही. ते प्रयोगाने ठरवावयाचे, आणि १२ च्या अतिशय निकट असलेले, मूल्य आहे. पहिल्या विद्यार्थ्याचे उत्तर १८९३ चे, दुसऱ्याचे २०१९ चे. दोघांमध्ये बुद्धीचे अंतर नाही, सव्वाशे वर्षांचे आहे.

मराठी परिभाषेपुरते आता दोन मुद्दे उरतात. पहिला 'रेणू'चा. मराठीत अणू म्हणजे 'अॅटम' आणि रेणू म्हणजे 'मॉलेक्यूल'. हिंदीत परमाणु आणि अणु. एकच 'अणू' हा शब्द दोन शेजारभाषांत दोन वस्तूंना लागत असल्याने हिंदीवरून मराठीत भाषांतर करणाऱ्याची हमखास चूक होते. मराठीने 'रेणू' निवडला त्यामागे 'त्रसरेणू'ची आठवण असावी असे मला वाटते. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा धूलिकण म्हणजे त्रसरेणू; वैशेषिकांच्या मते तो परमाणूंच्या संयोगांतून बनलेला पहिला दृश्य कण. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची मालिका त्रसरेणूपासूनच सुरू होते : आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, आणि तेथून पांढरी मोहरी, यव, गुंज, मासा असे चढत सुवर्णापर्यंत. गुणाकार केला तर एका सुवर्णात १,०३,६८० त्रसरेणू भरतात. यात आधुनिक रसायनाचे पूर्वज्ञान शोधणे हास्यास्पद होईल. परंतु वजन म्हणजे अखेर कणांची संख्या, ही बोलण्याची रीत आपल्या भाषेला परकी नाही, एवढे त्यातून दिसते.

दुसरा मुद्दा 'मोल' या उसन्या शब्दाचा. मराठीत 'मोल' आधीच आहे, संस्कृत 'मूल्य'पासून आलेला. मोलकरीण, मोलमजुरी, कवडीमोल यांत तो रोज वावरतो. म्हणून गोंधळ होईल असा आक्षेप घेतला जातो. मला तो टिकाऊ वाटत नाही. इंग्रजीत 'मोल' म्हणजे जमीन उकरणारा एक प्राणीही आहे आणि अंगावरचा तीळही. त्याने इंग्रज रसायनज्ञांचे काही अडले नाही. उलट अमेरिकेतील शाळांत २३ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून २ मिनिटांपासून 'मोल-दिन' साजरा होतो, तेव्हा त्या प्राण्याचीच चित्रे भिंतीवर लागतात. एककापुरता माझा पूर्वीचा अभिप्राय मी मागे घेतला असून यादीत 'मोल' हाच शब्द ठेवावा असे कळविले आहे.

मोल ज्या राशीचे एकक, तिच्या नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 'पदार्थाचे प्रमाण' म्हणावे तर प्रमाण म्हणजे गुणोत्तरही, पुरावाही आणि आदर्शही. मी 'द्रव्यराशी' सुचविली. 'राशी'त खळ्यावरची रास आहे, जी 'मोलेस्'च्या मूळ अर्थाशी जुळते. आणि त्रैराशिकात दिसतो तो अंकाचा अर्थही आहे, म्हणजे ढीग आणि संख्या दोन्ही एका शब्दात येतात. सहाध्यापकांनी तो वर्गात वापरून पाहिला. राशी म्हणताच मुलांनी मेष-वृषभ काढले, असा त्यांचा निरोप आला. शिवाय पारदर्शक शब्दांविषयी मी आता जे लिहिले ते माझ्याच सूचनेला लागू पडते, हेही त्यांनी सौजन्याने लक्षात आणून दिले. यादीतील ती जागा अजून कोरी आहे.